लिंकची शेपटी गळते आणि जाहिरातीचा हिशोब चुकतो: वेबसाइट बनवून घेणाऱ्या प्रत्येकानं वाचावं असं



आजचा विषय वरवर पाहिला तर वेबसाइट बनवणाऱ्या पोरांचा वाटतो. पण पैसा तुमचा जातो, म्हणून तो तुम्हाला समजलाच पाहिजे. व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलेलं इथे सावकाश, पायरी-पायरीनं लिहून देतोय. कोडिंग येत नसलं तरी चालेल. शेवटी एक चाचणी दिली आहे, ती तुम्ही आपल्या फोनवर दहा मिनिटांत करू शकता.

एक सूचना आधीच. लिंकमधले शब्द प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत लिहायचे असतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी ते देवनागरीत लिहिले आहेत.

आधी हिशोब बघू

समजा, तुम्ही वरुड-मोर्शीची संत्री पेटीनं पुण्या-मुंबईला पाठवता. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे येतो, दोन-अडीच महिन्यांत खेळ संपतो. त्यासाठी तुम्ही वेबसाइट बनवून घेतली आणि ६,००० रुपये प्रचारावर लावले. ४,००० इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर, आणि २,००० क्यूआर कोड छापलेल्या पत्रकांवर. एका पेटीमागे तुम्हाला प्रचाराचा खर्च सोडून २५० रुपये सुटतात.

महिनाभरात ४० ऑर्डर आल्या. रजिस्टर उघडलं, तर असं दिसलं:

- इन्स्टाग्राम: ६
- पत्रक: ४
- थेट, म्हणजे कुठून आला ते माहीत नाही: ३०

आता भागाकार करा. इन्स्टाग्रामवर एका ऑर्डरला ६६७ रुपये लागले, पत्रकावर ५००. सुटतात २५०. म्हणजे दोन्हीकडे तोटा, त्यात इन्स्टाग्राम जास्त वाईट. कोणताही शहाणा माणूस म्हणेल, "बंद करा ते इन्स्टाग्राम."

पण त्या ३० जणांपैकी १८ इन्स्टाग्रामवरूनच आले असतील, २ पत्रकावरून आणि १० खरोखर थेट, तर? मग इन्स्टाग्रामच्या ऑर्डर होतात २४, आणि एका ऑर्डरचा खर्च १६७ रुपये. म्हणजे पेटीमागे ८३ रुपये फायदा! पत्रकाच्या ऑर्डर होतात ६, खर्च ३३३ रुपये, म्हणजे तोटा. निर्णय अगदी उलटा झाला. जे चालू ठेवायचं ते तुम्ही बंद केलं असतं. आणि बहार काही तुमच्यासाठी थांबत नाही.

हे ३० लोक "थेट" कसे झाले? बहुतेक वेळा कारण एकच असतं. ते ज्या लिंकवरून आले, तिची शेपटी वाटेत गळून पडली.

लिंकची शेपटी म्हणजे काय?

ही लिंक बघा:

तुमचीसाइट.कॉम/संत्रा?स्रोत=इन्स्टा&मोहीम=आंबिया

प्रश्नचिन्हाच्या आधीचा भाग म्हणजे पत्ता. कोणतं पान उघडायचं ते तो सांगतो. प्रश्नचिन्हाच्या नंतरचा भाग म्हणजे सोबतची माहिती. तांत्रिक भाषेत तिला क्वेरी पॅरामीटर म्हणतात, आपण तिला शेपटी म्हणू. नियम सोपे आहेत. पहिल्या माहितीआधी "?" येतं, एकदाच. पुढच्या प्रत्येक माहितीआधी "&". नाव आणि किंमत यांच्या मधे "=".

हे काही परग्रहावरचं नाही. तुमच्या गल्ल्यावर चिकटवलेला यूपीआयचा क्यूआर कोड आतून असाच असतो. एनपीसीआयनं २०१६ मध्ये यूपीआय आणलं. त्या कोडमध्ये एक लिंक असते आणि तिच्या शेपटीत "पीए" म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, "पीएन" म्हणजे त्याचं नाव, हवं असेल तर "एएम" म्हणजे रक्कम आणि "टीएन" म्हणजे शेरा असतो. दुकानातल्या छापील कोडमध्ये रक्कम नसते, म्हणून गिऱ्हाईक ती स्वतः टाकतं. बिलावर छापलेल्या कोडमध्ये रक्कम असते, म्हणून ती आपोआप येते. फरक शेपटीतला आहे. शेपटीत जे असेल ते पुढे पोचतं, जे नसेल ते पोचत नाही.

जाहिरातीच्या लिंकमध्ये "यूटीएम" हा शब्द तुम्ही पाहिला असेल. त्याचं पूर्ण रूप अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल. अर्चिन ही वेबसाइटचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी होती. गूगलनं २००५ मध्ये ती विकत घेतली आणि त्यातूनच गूगल ॲनालिटिक्स उभं राहिलं. कंपनीचं नाव लोक विसरले, पण तिच्या शेपटीचं नाव टिकलं. यूटीएमच्या मूळ पाच खुणा आहेत: सोर्स म्हणजे कुठून आला, मीडियम म्हणजे कोणत्या प्रकारानं, कॅम्पेन म्हणजे कोणती मोहीम, टर्म म्हणजे कोणता शोधशब्द, आणि कंटेंट म्हणजे कोणती जाहिरात. आपल्या छोट्या धंद्याला पहिल्या तीन पुरतात.

मग ती गळते कशी?

इथे आपल्या वऱ्हाडातलंच उदाहरण घेऊ. मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेची अरुंद रूळवाट मुंबई-नागपूरच्या मोठ्या रूळवाटेला भेटायची. एका बाजूनं अचलपूर, दुसऱ्या बाजूनं यवतमाळ. या गाडीनं इथला कापूस मूर्तिजापूरपर्यंत यायचा आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबईकडे जायचा. दोन रूळांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे डबा तोच पुढे जाऊ शकत नव्हता, माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागायचा. आता विचार करा. गाठी नव्या डब्यात चढल्या, पण बिल्टी जुन्या डब्यातच राहिली. मुंबईला कापूस पोचेल. पण तो कोणाचा, कुठून आला, हे कोण सांगेल?

वेबसाइटमध्ये असंच घडतं. गिऱ्हाईक नव्या पानावर पोचतं, बिल्टी मागे राहते.

जुन्या पद्धतीच्या वेबसाइटमध्ये प्रत्येक पान वेगळं असतं. दुसऱ्या पानावर गेलं की ब्राउझर सगळं नव्यानं मागवतो. आजकाल पोरं ज्या वेबसाइट बनवतात त्या बऱ्याचदा सिंगल पेज ॲप प्रकारच्या असतात. म्हणजे पान एकदाच उघडतं, आणि पुढं बटन दाबलं की आतला मजकूर तेवढा बदलतो. पांढरा स्क्रीन येत नाही, साइट पटापट चालते. रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, व्ह्यू ही नावं तुम्ही कोटेशनमध्ये वाचली असतील, ती याच कामाची साधनं.

पण वर पत्त्याच्या पट्टीत नाव तर बदललं पाहिजे. ते काम आतला राउटर करतो. राउटरला सांगितलेलं असतं, "ऑर्डर बटन दाबलं की पत्ता लिही: /ऑर्डर." तो इमानदारीत तेवढंच लिहितो. आधीच्या पत्त्यामागे "?स्रोत=इन्स्टा" होतं, ते पुढे न्यायचं असं त्याला कोणी सांगितलेलंच नाही. म्हणून नवा पत्ता उरतो नुसता तुमचीसाइट.कॉम/ऑर्डर. शेपटी गेली.

लक्षात घ्या, यात राउटरची चूक नाही. प्रत्येक शेपटी पुढे नेणं बरोबर नसतंच, ते पुढे बघू. म्हणून कोणती न्यायची आणि कोणती सोडायची, हे बनवणाऱ्यानं ठरवायचं असतं. आणि बनवणाऱ्याला ते सांगायचं असतं तुम्ही.

"पण गूगल ॲनालिटिक्स तर लावलंय!"

बरोबर प्रश्न आहे. गूगल ॲनालिटिक्स पहिलं पान उघडल्याबरोबर शेपटी वाचून ठेवतं आणि त्या भेटीचा स्रोत लक्षात ठेवतं. पुढच्या पानावर शेपटी नसली तरी त्याचं अडत नाही. मग अडतं कुठे? नेहमीची ठिकाणं ही:

१. दारातच गळती. साइट उघडताच ती गिऱ्हाईकाला दुसऱ्या पत्त्यावर ढकलते. मुख्य पानावरून "/होम"वर, किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या पत्त्यावरून असलेल्या पत्त्यावर. ॲनालिटिक्सचा कोड जागा होण्याआधीच शेपटी गेलेली असते.

२. तुमचा स्वतःचा फॉर्म. ऑर्डर फॉर्ममध्ये "स्रोत" नावाचा लपलेला रकाना असतो आणि तो शेपटीतून भरला जातो. फॉर्मपर्यंत येता येता शेपटी गळाली तर रकाना रिकामा. ॲनालिटिक्सला माहीत असतं, पण कोणत्या ऑर्डरचे पैसे कोणामुळे आले हे तुमच्या रजिस्टरला कळत नाही.

३. व्हॉट्सॲपवर उडी. गिऱ्हाईक "व्हॉट्सॲपवर ऑर्डर करा" दाबून साइटच्या बाहेर गेलं. तुमच्या साइटची शेपटी तिथं आपोआप जात नाही.

४. पैसे भरून परत येणं. पेमेंटच्या पानावर जाऊन गिऱ्हाईक परत आलं की हिशोबात कधीकधी ते पेमेंटवाल्या साइटकडून आल्यासारखं दिसतं. ॲनालिटिक्समध्ये अशा साइट वगळायची सोय आहे, ती लावून घ्या.

५. "#" ची गडबड. काही साइटचे पत्ते "#"नं चालतात. शेपटी "#"च्या आधी आली पाहिजे. नंतर लिहिली तर ब्राउझर तिला शेपटी मानतच नाही.

६. दोन प्रश्नचिन्हं. लिंकमध्ये आधीच "?भाषा=मराठी" होतं, त्यामागे कोणीतरी "?स्रोत=इन्स्टा" चिकटवलं. दुसरं "?" चुकीचं, तिथं "&" हवं. आता भाषेची किंमत "मराठी?स्रोत=इन्स्टा" अशी वाचली जाते. भाषाही गेली, स्रोतही गेला.

ताईंचं कमिशन: इथे प्रश्न विश्वासाचा आहे

जाहिरातीचे पैसे आपले आपण सोसू. पण दुसऱ्याचा घामाचा पैसा गळला तर?

समजा, तुम्ही अकोल्यात तूरडाळ पॅक करून विकता. विक्रीसाठी बचत गटाच्या दहा ताई जोडल्या. प्रत्येकीला तिची लिंक दिली: तुमचीसाइट.कॉम/?ताई=०७. तिच्या लिंकवरून ऑर्डर आली की किलोमागे काही रुपये तिचे. ताई घरोघरी सांगते, सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकते. शेजारीण लिंक दाबते, डाळ बघते, "किमती" पानावर जाते, तिथून ऑर्डर करते. पण "किमती" पानावर जाताना "?ताई=०७" गळालं. ऑर्डर आली, नाव नाही आलं.

महिन्याच्या शेवटी शेजारीण म्हणते, "ताई, तुमच्याच लिंकवरून घेतली वो म्या डाळ, मंग तुमचं नाव काहून नाई आलं?" ताईला तांत्रिक कारण माहीत नसतं. तिला एवढंच दिसतं की मालकानं पैसे खाल्ले. गावात ही गोष्ट एकीकडून दुसरीकडे जायला इंटरनेट लागत नाही. दहापैकी सात ताई पुढच्या महिन्यात लिंक टाकायच्या बंद होतात. तुम्ही तर बेइमानी केलीच नव्हती, पण ते पटवून कोणाला देणार?

म्हणून माझा सल्ला: कमिशन लिंकवर अवलंबून असेल, तर लिंक वाटण्याआधी चाचणी करा. आणि फॉर्ममध्ये "तुम्हाला कोणी सांगितलं?" असा उघड रकानाही ठेवा. मशीन चुकलं तर माणूस सांगेल.

काय पुढे न्यायचं, काय सोडायचं?

आता मूळ मुद्दा. सगळ्या शेपट्या सारख्या नसतात. तीन प्रकार करा.

पहिला: गिऱ्हाईक कुठून आलं. इन्स्टा, पत्रक, ताईचा कोड. ही माहिती पहिल्या पानावरच वाचून खिशात ठेवायची. ब्राउझरला खिसा असतो. एक टॅब बंद केला की रिकामा होणारा, त्याला सेशन स्टोरेज म्हणतात. दुसरा टॅब बंद केल्यावरही राहणारा, त्याला लोकल स्टोरेज म्हणतात. ऑर्डर देताना खिशातून काढून फॉर्मसोबत पाठवायची.

दुसरा: गिऱ्हाईकाला काय दिसतं. निवडलेली भाषा, शहर, पाच किलो की दहा किलो. ही पत्त्यातच राहिली पाहिजे आणि पानापानावर पुढे गेली पाहिजे. कारण गिऱ्हाईक ती लिंक नवऱ्याला किंवा बहिणीला पाठवतं, "हे बघ, हे घेऊ का?" तिकडे तेच पान उघडलं पाहिजे. आणि पान रिफ्रेश केलं तरी निवड टिकली पाहिजे.

तिसरा: त्या पानापुरती माहिती. यादीचं तिसरं पान, "कमी किमतीपासून दाखवा" ही निवड, शोधलेला शब्द. ही पुढे न्यायची नाही. नाहीतर गिऱ्हाईक डाळीच्या यादीतून मसाल्याच्या यादीत गेलं की तिथंही "पान ३" उघडतं, आणि मसाल्याची पानं दोनच असतात. रिकामा स्क्रीन दिसतो, गिऱ्हाईक निघून जातं.

खिसा चांगला की पत्ता? दोन्हींत गुण-दोष आहेत. पत्त्यात शेपटी राहिली तर पत्ता लांबलचक दिसतो, आणि इन्स्टाग्रामवरून आलेल्या माणसानं लिंक मित्राला पाठवली तर मित्रही इन्स्टाग्रामचाच मोजला जातो. खिशात ठेवली तर पत्ता स्वच्छ राहतो. पण इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडलेली साइट गिऱ्हाईकानं क्रोममध्ये नेली, तर खिसा तिकडे जात नाही. आणि आयफोनच्या सफारीत गिऱ्हाईक सात दिवस तुमच्या साइटकडे फिरकलं नाही, तर असा खिसा ब्राउझर स्वतः रिकामा करू शकतो. छोट्या धंद्यासाठी माझं मत असं: स्रोत खिशात ठेवा, आणि ताईंच्या कमिशनचा कोड खिशात आणि पत्त्यात दोन्हीकडे ठेवा. पैशाचा मामला आहे.

बनवणाऱ्याला नेमकं काय सांगायचं?

"माझी साइट नीट कर" असं सांगून काही होत नाही. हे असं सांगा:

- अँग्युलर असेल तर: "राउटरमध्ये क्वेरी पॅराम्स हँडलिंग नावाचा पर्याय आहे. नवी माहिती जोडायची असेल तिथे 'मर्ज' लावा, जशीच्या तशी न्यायची असेल तिथे 'प्रिझर्व्ह'." लक्षात ठेवा, "प्रिझर्व्ह" जुनी शेपटी ठेवतो, पण नवी जोडत नाही. "मर्ज" दोन्ही एकत्र करतो.
- रिअ‍ॅक्ट राउटर असेल तर: "लिंक आपोआप शेपटी नेत नाही. सध्याच्या लोकेशनचा सर्च भाग पुढच्या लिंकला जोडा. एक सामाईक लिंक तयार करा आणि सगळीकडे तीच वापरा." प्रत्येक बटनाला वेगळं जोडत बसलं तर एखादं सुटतंच.
- व्ह्यू राउटर असेल तर: "पुढच्या पानावर जाताना सध्याच्या राउटची क्वेरी सोबत द्या, किंवा पान बदलण्याआधी चालणाऱ्या गार्डमध्ये तपासा."
- कोणतंही साधन असो: "नावांची यादी ठरवा. फक्त याच शेपट्या पुढे जातील, बाकी नाही."

हे काम मोठं नसतं. साइट बनवतानाच सांगितलं तर वेगळे पैसे लागायचं कारण नाही. म्हणून कोटेशन मागताना कागदावर एक ओळ लिहून घ्या: "भाषा, शहर आणि कोड या शेपट्या ऑर्डरपर्यंत टिकतील, आणि स्रोत प्रत्येक ऑर्डरसोबत नोंदला जाईल." शेवटचा हप्ता देण्याआधी ही ओळ तपासा.

वेबसाइट नाही, व्हॉट्सॲपवरच धंदा आहे? तुमच्यासाठीही उपाय आहे

आपल्याकडे बराच धंदा व्हॉट्सॲपवर चालतो, त्यात कमीपणा काही नाही. व्हॉट्सॲपच्या "डब्ल्यूए.एमई" लिंकलाही शेपटी लावता येते. तिचं नाव "टेक्स्ट". त्यात जे लिहाल ते गिऱ्हाईकाच्या मेसेज पेटीत आधीच लिहिलेलं येतं, त्याला "पाठवा" तेवढं दाबायचं.

मग असं करा. इन्स्टाग्रामसाठी एक लिंक, तिच्यात मेसेज: "संत्र्याची पेटी हवी आहे. कोड आय१". पत्रकासाठी दुसरी: "कोड पी१". प्रत्येक ताईसाठी तिचा कोड. मेसेज आला की कोड समोर दिसतो. एक पैसा खर्च नाही, बनवणारा नको, काही नको. वेबसाइट असेल तर बनवणाऱ्याला सांगा की खिशातला स्रोत याच "टेक्स्ट"मध्ये घाला. गिऱ्हाईकानं कोड पुसला तर तो जातो, पण साधारणपणे कोणी पुसत बसत नाही.

या पाच चुका टाळा

१. शेपटीत मराठी अक्षरं. लिंकमध्ये देवनागरी चालते, पण पाठवताना तिचं चिन्हांमध्ये रूपांतर होतं. एका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं होतात. "संत्रा" या शब्दात काना, अनुस्वार, हलन्त धरून सहा चिन्हं, म्हणजे ५४ अक्षरं! मेसेजमध्ये लिंक भयानक दिसते आणि क्यूआर कोड दाट होतो. शेपटीत छोटी इंग्रजी अक्षरं वापरा. व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये मराठी चालेल, तो गिऱ्हाईकाला वाचायचा असतो.

२. कधी मोठी लिपी, कधी छोटी. इंग्रजीत मोठ्या आणि छोट्या अक्षरांतलं तेच नाव हिशोबात दोन वेगळे स्रोत म्हणून दिसतं. नेहमी छोटीच वापरा. नावांची यादी वहीत लिहा, आणि घरातल्या सगळ्यांनी तीच वापरायची.

३. आपल्याच साइटच्या आतल्या लिंकला यूटीएम लावणं. ते फक्त बाहेरून येणाऱ्या लिंकसाठी आहे. आतल्या बॅनरला लावलं तर खरा स्रोत झाकला जातो आणि "माझाच बॅनर" असं दिसू लागतं.

४. शेपटीत किंमत किंवा सूट. "?सूट=१०" असं लिहिलं तर एखादा हुशार १० चे ९० करून बघणारच. शेपटी कोणीही बदलू शकतं. तिच्यात कोड ठेवा, आणि त्या कोडवर किती सूट हे सर्व्हरनं तपासावं. ताईच्या कोडचंही तेच. असा कोड खरोखर आहे का, हे तपासूनच कमिशन लावा.

५. शेपटीत गिऱ्हाईकाचा मोबाइल नंबर किंवा नाव. अजिबात नको. लिंक ब्राउझरच्या इतिहासात राहते, सर्व्हरच्या नोंदीत राहते, फॉरवर्ड होते. गिऱ्हाईकाची माहिती जपणं ही आपली जबाबदारी आहे, आणि आता त्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे.

एक गोष्ट बनवणाऱ्याला आठवण करून द्या. शेपट्यांमुळे एकच पान गूगलला अनेक पत्त्यांवर दिसू शकतं. त्यासाठी पानात "कॅनॉनिकल" खूण लावतात, म्हणजे "खरा पत्ता हा" असं गूगलला कळतं.

दहा मिनिटांची चाचणी

आता फोन हातात घ्या.

१. क्रोममध्ये इन्कॉग्निटो टॅब उघडा.

२. तुमच्या साइटचा पत्ता लिहा आणि मागे "?" लावून "स्रोत"साठी बनवणाऱ्यानं ठरवलेलं नाव, "=" आणि "चाचणी" असं इंग्रजीत लिहा.

३. पान उघडलं की वरच्या पट्टीवर बोट ठेवा. फोन पूर्ण पत्ता लपवतो, बोट ठेवल्यावर दिसतो. शेपटी आहे का? नसेल तर दारातच गळती आहे. तरी पुढे जा.

४. माल बघा, किमतीच्या पानावर जा, मेनूतून जा, लोगो दाबा, मागे या. भाषा आणि शहर निवडलं असेल तर ते टिकतंय का, ते प्रत्येक ठिकाणी बघा.

५. ऑर्डर फॉर्मवर पान रिफ्रेश करा. काही गायब झालं का?

६. एक खोटी ऑर्डर टाका. रजिस्टरमध्ये किंवा मेलवर "चाचणी" हा शब्द आला का?

७. हेच इन्स्टाग्रामच्या आतून उघडून पुन्हा करा. लिंक स्वतःलाच मेसेज करून तिथून दाबा.

सहाव्या पायरीचं उत्तर "हो" असेल, तर तुमचा हिशोब बरोबर आहे, मग पत्त्यात शेपटी दिसो न दिसो. उत्तर "नाही" असेल, तर कोणत्या पायरीला ती गळाली ते लिहून, स्क्रीनशॉट काढून बनवणाऱ्याला पाठवा. नेमकी जागा सांगितली की काम लवकर होतं.

आणि हे सगळं छपाईच्या आधी करा. जाहिरातीची लिंक उद्या बदलता येते. पण हजार पेट्यांवर छापलेला क्यूआर कोड बदलता येत नाही. शक्य असेल तर क्यूआर कोडमध्ये तुमच्याच साइटचा एक छोटा पत्ता द्या, आणि तो पूर्ण शेपटीसह पुढच्या पानावर नेईल अशी सोय करून घ्या. मग पुढचा बदल छपाईला हात न लावता होतो.

आजचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने पाडा: लिंक कुठे लावली, कोड काय, किती ऑर्डर. प्रत्येक ठिकाणी वेगळा कोड, दर रविवारी बेरीज. चार आठवड्यांनी खर्चाला ऑर्डरनं भागा, मग ठरवा की पुढचे पैसे कुठे लावायचे. "थेट"चा रकाना अर्ध्याहून जास्त भरलेला दिसला, तर जाहिरातीवर राग काढण्याआधी चाचणी परत करा.

चाचणीत शेपटी कोणत्या पायरीला गळाली ते व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात पेमेंटच्या पानावरून परत येणाऱ्या गिऱ्हाईकाचा हिशोब बघू. तोवर, धंदा जोरात करा!